दोरीवरचं जाकीट

(अमरावतीत गाडगेनगरला, पियुषच्या कोचिंग क्लासचं ऑफिस. ऑफिस म्हणायचं आपलं; हॉलला लागून प्लायवूड ठोकून काढलेली एक खोली, तिथं हॉलमधल्या पोरांचा खोकलासुद्धा ऐकू येतो. पियुषची आई शकुनबाई आणि मामेबहीण रागिणी सकाळीच अकोल्याहून आल्या आहेत. टेबलावरचे गिलावडे कोणी खात नाही, ते गार होऊन चालले आहेत.)

पियुष : ताई, ऐन टायमावर तू असं नाही म्हणशीन त मी पोट्ट्यायले काय तोंड दाखवू? बाहेर फ्लेक्स पाहिला ना तू?

रागिणी : पाहिला. ‘आंतरराष्ट्रीय युद्धतज्ज्ञ’ कोणी लिहिलं ते?

पियुष : फ्लेक्सवाल्यानं. मी ‘मानवतावादी कार्यकर्त्या’ लिहून देल्लं होतं. थो म्हणे, दादा, याच्यानं गर्दी नाही होत.

शकुन : फोटो बाकी चांगला हाये. पन पोरीचं तोंड एवढं पांढरं काहून केलं?

पियुष : तेबी त्यानंच केलं.

रागिणी : पियुष, मी युद्धाची तज्ज्ञ नोय रे. बंदूक कोणत्या बाजूनं धरते तेबी मले माहीत नाही.

पियुष : मंग तेच सांग. पोट्टे हासतीन, मोकळे होतीन. मले जास्त काही नाही पाह्यजे. शिक्षण काय लागते, वयाची अट काय, परीक्षा कोण घेते, पगार किती. शेवटी प्रेरणेचे दोन वाक्यं. झालं.

रागिणी : परीक्षा नसते त्याची.

पियुष : नसते? हे नको सांगू बाप्पा. परीक्षाच नाही म्हटलं त माह्या क्लासमंधी कोण बसन? इथं पाच-पाच वर्षापासून पोट्टे बसून राहिले. त्यायले एखादी नवीन वाट दिसली पाह्यजे, पण वाट क्लासमधूनच गेली पाह्यजे.

रागिणी : तू निदान खरं बोलतं. माहं ऐक. मले आज संध्याकाळपर्यंत मोठ्या ऑफिसले कळवा लागते, वापस तिथंच छावणीत जातो, का नैरोबीच्या ऑफिसात खुर्चीवर बसतो. दोन महिन्यापासून मी हेच ठरवून राहिली आन् काही ठरून नाही राहिलं. मलेच माहीत नाही मी काय करू, आन् मी त्यायच्यापुढं उभी राहून म्हणू का याच्यात करिअर करा?

शकुन : तिसरं बी हाये ना. घरी ऱ्हाय. तुह्या बापानं मले त्याच्यासाठीच तुह्यासंगं लावलं.

रागिणी : बाबानं? बाबा त मले एका शब्दानं काही बोलले नाही.

शकुन : शेषराव कवा बोलला? सकायी गोठ्यात मले म्हने, शकुन, तू जाय तिच्यासंगं. पाह्य तुह्यं आयकते का. आन् तुह्या पिशवीत भाकर ठेवली. कळन्याची. सोता केली त्यानं. करपली हाये.

रागिणी : मले वाटलं तू ठेवली.

शकुन : मी ठेवली असती त करपली असती का?

पियुष : माय, भाकरीचं मंग पाहू. ताई, आधी मले एक सांग. तू तिथं नेमकं करतं काय? मी इतक्या लोकायले सांगतो माही बहीण यूएनमंधी हाये.

रागिणी : यूएनमंधी नाही. लहानशी संस्था आहे.

पियुष : बरं, लहानशी. पण काय करतं?

रागिणी : चालतो.

पियुष : चालतं म्हणजे?

रागिणी : म्हणजे पायानं. दक्षिण सुदानात एक छावणी आहे. लढाईतून पळून आलेले लोकं राहतात तिथं. चूल पेटवाले सरपण लागते, आन् सरपण आहे जंगलात. माणसं गेले त त्यायले मारून टाकतात. म्हणून बाया जातात. बायायले मारत नाही, पण…

शकुन : कयलं. पुढं सांग.

रागिणी : तर आम्ही दोघी-तिघी त्यायच्यासंगं जातो. अंगात केशरी जाकीट, पाठीवर संस्थेचं नाव. हातात काही नाही. रस्त्यात बंदूकवाल्यायची चौकी लागते. पोरंच आहेत सारे, तुह्या क्लासमधल्याइतके. आम्ही थांबतो, रामराम करतो, त्यायची तब्येत विचारतो. मंग जंगलात बाया लाकडं तोडतात, आम्ही उभ्या राहतो. वापस येतो. बाहेरचं कोणी पाहून राहिलं म्हटलं का त्या पोरायचा हात नाही उठत.

पियुष : बस?

रागिणी : बस.

पियुष : म्हणजे हत्यार नाही. अधिकार नाही. कोणाले अटक-बिटक नाही करता येत.

रागिणी : नाही.

पियुष : मंग ‘पात्रता’च्या खाली मी काय लिहू?

शकुन : काहून? पाठराखीन लिही.

पियुष : माय, तू मधात नको…

शकुन : मधात काय? लग्न होऊन पोरगी सासरी जाते त तिच्यासंगं माहेरची एक बाई जाते का नाही? थे काय करते तिथी? भांडे नाही घासत, चुलीपाशी नाही जात. बसते. पायते. सासू तोंड उघडाले जाते, पाठराखीन दिसली का गियून टाकते. मी आपल्या गावच्या कितीक पोरीसंगं गेली असन. जमुनेसंगं गेली, पंचफुलेसंगं गेली. आमाले कोनी पगार नाही देल्ला. चोयीचा एक खन, आन् रस्त्यात खाले चिवडा.

रागिणी : हो आत्या. तेच करतो मी. इतके वर्ष लोकायले सांगता सांगता थकली, आन् हा शब्द घरातच होता.

पियुष : शब्द चांगला आहे, पण हॉलमंधी नको बोलू. आता कोण नेते पाठराखीण? नवरीसंगं करवल्या जातात, त्याबी रील काढाले.

शकुन : मंग पायतं ना काय होते थे. पाठराखीन सगयायलेच लागते. एक कौंडण्यपूरची रुक्मिणी तेवढी बिनपाठराखिनीची गेली. तिचं बरं झालं. सगयायचं तसं नाही होत.

रागिणी : आत्या, तू वापस आली का मंग त्या पोरीचं काय होत होतं?

शकुन : काय होत होतं म्हंजे?

रागिणी : तू होती तवर सासू गप. तू गाडीत बसली, मंग?

शकुन : थे मले काय मालूम? मी तिथी कुठी असो?

रागिणी : कधी मनात नाही आलं?

शकुन : आलं ना. नाही कसं येईन. जमुना बाजारात भेटली त हासली, हातात हिरव्या बांगड्या गच्च. पंचफुला भेटली त मले पाहून दुसऱ्या गल्लीत घुसली. दोघीसंगं मी सारखीच बसली होती. आता कोनचं खरं धराव मी?

पियुष : माय, हे तू कधी बोलली नाही.

शकुन : कोनं इचारलंच नाही.

रागिणी : मलेबी तेच कळत नाही. लढाई जवळ आली तशी एका सकाळी हुकूम आला, सामान भरा, हेलिकॉप्टर येऊन राहिलं. मी बॅग घेऊन बाहेर आली त फाटकापाशी बाया कुऱ्हाडी घेऊन उभ्या. त्यायले वाटलं रोजच्यासारखं जंगलात जाचं. अचोल म्हणून बाई आहे एक, सगळ्यायच्या पुढं चालते. ती मले म्हणे, आज उशीर केला तू.

पियुष : मंग तू काय म्हटलं?

रागिणी : म्हटलं, हो, आज उशीर झाला.

शकुन : ‘जातो’ नाही ना म्हटलं?

रागिणी : नाही. हिंमतच नाही झाली.

शकुन : बरं केलं.

पियुष : बरं काय केलं माय? त्या बाया तिथं उभ्याच राहिल्या असतीन ना.

शकुन : हो. थे बी हाये.

रागिणी : आन् त्याच्यात माह्यं जाकीट राहिलं. आदल्या दिवशी धुतलं होतं. आमच्या तंबूवर सावली असते, म्हणून मी अचोलच्या झोपडीपुढं दोरीवर वाळू घालत होती. हेलिकॉप्टरमंधी बसल्यावर आठवलं. आमच्यात याले लय कडक नियम आहे. जाकीट कोणापाशीच सोडाचं नाही. दुसऱ्या कोणी घातलं, काही भलतं केलं, त मंग एकाही जाकिटावर कोणी भरोसा ठेवत नाही.

पियुष : जाकिटाचं काय एवढं. भरून देऊन टाक.

रागिणी : आज बडनेऱ्यापाशी माहा फोन वाजला ना आत्या, तो तिथला होता.

शकुन : म्हनून तू गप झाली. मले वाटलं बापाची आठवन आली.

रागिणी : आमच्यासंगं काम करणारा तिथलाच एक जण आहे, तो मागं राहिला. इतके दिवस फोन लागत नव्हता. आज त्यानं अचोलचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं.

पियुष : काय म्हणते?

रागिणी : म्हणते, तुझं जाकीट दोरीवरच आहे, आम्ही काढलं नाही. चौकीवरचे पोरं येता-जाता पाहतात आन् विचारतात, थे केशरीवाली कुठं आहे? आम्ही म्हणतो, आंघोळीले गेली. कधी म्हणतो, तापानं पडली. कधी म्हणतो, पलीकडच्या छावणीत गेली, आज-उद्या येते. आन् आम्ही सरपणाले जाऊन येतो. अजून कोणाले काही झालं नाही. पण जाकिटाचा रंग उडून राहिला.

पियुष : मंग हे त चांगलंच झालं ताई. तू अकोल्यात बसून तिथली ड्युटी करून राहिली. घरी बसून काम. हे सांग पोट्ट्यायले.

रागिणी : चांगलं झालं? एखाद्या दिवशी त्यातला एक पोरगा झोपडीत डोकावन. आत कोणीच नाही. इतके दिवस बायायनं फसवलं म्हणून तो राग कोणावर काढन?

पियुष : मंग फोन करून सांग, काढा म्हणा ते जाकीट.

रागिणी : काढलं त त्याच दिवशी सगळ्यायले कळन का आता कोणी येत नाही. ठेवलं त भेव, काढलं त भेव.

पियुष : मंग तू काय करशीन?

रागिणी : नैरोबीले गेली त तिथं मी कागदावर लिहीन, जाकीट कोणापाशी सोडू नये. वापस गेली त पुन्हा चालीन त्यायच्यासंगं. पण मंग पुन्हा एखाद्या सकाळी हेलिकॉप्टर येईनच ना. पुन्हा त्या फाटकापाशी उभ्या. मी त्यायले राखून राहिली का नुसती सवय लावून राहिली, हेच मले समजत नाही पियुष. हे जर मलेच समजत नाही त मी माइक हातात घेऊन काय सांगू?

पियुष : मलेबी आता समजून नाही राहिलं. सकाळी समजत होतं.

शकुन : तुह्यं जाकीट ‘राहिलं’ म्हनतं तू?

रागिणी : हो. विसरली मी.

शकुन : मी त मुद्दाम ठेवो.

रागिणी : काय?

शकुन : लुगडं. निंगाच्या दिवशी सकायी उठून धुवो, आन् त्यायच्याच आंगनात दोरीवर टाको. मंग गाडीची येळ झाली का म्हनो, ओलंच हाये बाई, राहू द्या, न्याले येईन मी. सासू इचारे, कवा येता? पुढच्या मंगयवारी? मी म्हनो, पाहू. दिवस सांगाचा नाही. दिवस सांगतला का मधातले सगये दिवस तिचे झाले. नाही सांगतला त बसली रोज फाटकाकडं पाहात.

पियुष : माय, हे तू मले कधीच नाही सांगितलं.

शकुन : तुले काय सांगाव, तू नवरदेवाकडचा. तुह्या लग्नात आपल्या आरतीसंगं तिची मावशी आली होती, थे चष्मा ठेवून गेली आपल्या घरी. ध्यानात हाये?

पियुष : ती विसरली होती. मीच नेऊन देल्ला मंग अकोटले.

शकुन : हो. विसरली होती. आन् तू जाऊन पोचेपर्यंत आरतीले मी एक शब्द वाकडा बोलली का, इचार तिले.

पियुष : अरे देवा.

रागिणी : आत्या, मंग लुगड्याचं काय करे तू?

शकुन : काय करीन? आनाले जा लागे.

रागिणी : दरवेळी?

शकुन : नाही गेलं त मंग थे लुगडं कायचं? आठ-पंधरा दिवस पायते लोकं. मंग त्याचं पोतेरं करते.

पियुष : माय.

शकुन : काय?

पियुष : मामानं तुले इथं काय सांगाले पाठवलं होतं?

शकुन : चूप बस तू.

रागिणी : तुही चूक नाही आत्या. तू जे आहे ते बोलली.

शकुन : मी अलगच गोष्ट सांगून राहिली होती. लग्नाची. त्याचा आन् याचा काही मेळ नाही. तिथी बंदुका हाये. सासूची जीभ कितीक तिखट असली तरी जीव नाही जात कोनाचा.

रागिणी : जात होते आत्या. कधी कधी.

शकुन : हो. जात होते. विहिरीनं नेल्ल्या कितीक.

पियुष : च्या सांगू का?

शकुन : काही सांगू नको. हिले घरी ऱ्हाय म्हनाले मी आली, आन् माह्याच तोंडातून भलतं निंगालं. आता शेषरावले काय सांगू? थो काही बोलनार नाही, नुसता बसन ओट्यावर पाय घासत.

रागिणी : काही सांगू नको. माह्यं अजून ठरलं नाही.

शकुन : खोटं बोलतं.

रागिणी : खरंच नाही. मले भेव वाटते. तिथं जाचं भेव वाटते, नाही जाचं त्याच्याहून वाटते. आन् नैरोबीची खुर्चीबी बरी वाटते, गादीची आहे. आज सकाळी बाबा गाईले कुटार टाकत होते, त वाटलं हेच करावं आपण, कुटार टाकाव आन् झोपाव. सगळं संगंच वाटते आत्या. मी वेडी आहे का?

शकुन : उपाशी हायेस. भाकर काढ.

रागिणी : आता?

शकुन : आताच. गिलावडे नाही पाह्यजे, भाकर खाय.

रागिणी : लय करपली आहे.

शकुन : बापानं केली हाये. खाय.

पियुष : मलेबी दे तुकडा. …मामानं मीठ नाही टाकलं याच्यात.

शकुन : घाईत असन. पोरगी निंगून जाईन म्हनून.

रागिणी : त्यायले माहीत होतं का मले आज कळवा लागते?

शकुन : मीच सांगतलं. तू आंगोय करत होती तवा. गाईले कुटार टाकत राहिला. मंग म्हने, तिथल्या पोरीले बी बाप असतीन. आन् लगेच म्हने, पन तू जाय तिच्यासंगं, आन् रोक तिले.

पियुष : म्हणजे काय समजाव याच्यातून?

शकुन : मले काय इचारतं. भाऊ माहा असला तरी डोकं त्याचं हाये.

पियुष : ताई, पोट्टे मोबाइल पाहाले लागले आता. तुले नसन जमत त जबरदस्ती नाही. मी सांगतो त्यायले काहीतरी.

रागिणी : काय सांगशीन? आंघोळीले गेली?

पियुष : …तापानं पडली म्हणीन.

रागिणी : नको. येतो मी.

पियुष : काय बोलशीन पण?

रागिणी : जेवढं माहीत आहे तेवढं. ते थोडंसंच आहे. मंग जे माहीत नाही ते.

पियुष : आन् प्रेरणा?

रागिणी : ती तू फ्लेक्सवर लावलीच आहे.

पियुष : वयाची अट तरी सांगजो बाप्पा. पोट्टे वही काढून बसले. चाल, माइक चालू आहे, हळू बोलजो, त्याले घरघर आहे.

शकुन : पोरी, ओढनी घे. खुर्चीवरच राहिली तुही.

रागिणी : राहिली नाही.

शकुन : मंग?

रागिणी : तू घेऊन जाय अकोल्याले. आंगणात दोरीवर टाकजो. बाबा ओट्यावर बसले का त्यायले दिसन अशी.

शकुन : …म्हंजे ठरलं तुह्यं.

रागिणी : आता बोलता बोलता ठरलं असन. माहीत नाही. पण ओढणी टाकजो.

शकुन : आन् न्याले कवा येशीन?

रागिणी : तो दिवस सांगाचा नसते ना आत्या.

शकुन : अकोल्याचं ऊन हाये पोरी. रंग लवकर उडते.